तोरूचं शेपूट

खेरसोन, समुद्राकाठचं शहर
संत जॉर्जच्या सणानंतरचा अकरावा दिवस, असं बाबा पाखोम म्हणतो. आपल्या हिशोबाने, नवं गवत घोट्याला लागलं ते दिवस.

पेचेनेगांचा सरदार तुमान याला, त्याची आई आयबिके हिच्याकडून.

तुमान,

मी बोलते आहे आणि बाबा पाखोम लिहितो आहे. हा रोमी साधू आपल्या लोकांच्या कैदेत चार वर्षं मेंढ्या राखत होता. त्यामुळे आपली भाषा बोलतो, आणि शिव्या तर माझ्यापेक्षा छान देतो. हे वाक्य लिहायला तो का-कू करत होता, मी लिहायलाच लावलं. तिकडे निकेतास तुला वाचून दाखवील. निकेतास, मधलं काही गाळू नकोस. रोमी सम्राटाचा वकील असलास तरी माझ्या पत्रात तुझी वकिली नको.

मी पोचले. वाटेत काही झालं नाही. वेशीवर सुभेदार स्वतः आला होता. मला बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. कराराची बोलणी होईपर्यंत निकेतास तुझ्या तंबूत राहणार आणि त्याच्या बदल्यात तुझं माणूस इथे ओलीस राहणार, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, तुझा मुलगा येईल. आली म्हातारी! तो म्हणाला, "हिला ठेवून आमचा काय फायदा?" तेव्हा आपल्या स्वारांनी तुझा निरोप सांगितला, की आईला विचारल्याशिवाय मी तंबूची मेखसुद्धा हलवत नाही. चारचौघांत असं बोलायची काय गरज होती? पण ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

राहायला दगडी खोली दिली आहे. छपराला धूर जायला भोक नाही, त्यामुळे पहाट झाली की नाही तेही कळत नाही. पलंग एवढा उंच, की त्यावर चढण्यापेक्षा घोड्यावर चढणं सोपं. मी खाली घोंगडी टाकून झोपते. खायला मासे. सकाळी मासे, दुपारी मासे. माशांची आतडी उन्हात कुजवून त्याचं पाणी हे लोक भाजीवर ओततात, आणि आपल्या घोडीच्या आंबवलेल्या दुधाला नाकं मुरडतात.

थोडा खोकला आहे. समुद्राच्या वाऱ्याने झाला असेल. माझी घोडी तोरू मात्र खात नाही. सुभेदाराच्या पागेत तिला पेंढा घालतात, ती तोंड फिरवून उभी राहते. मी रोज जाऊन तिच्याशी बोलून येते.

तू करार नीट कर. उत्तरेकडच्या रूसांना नदीच्या धबधब्यापाशी अडवायचं आणि खेरसोनच्या वाटेला हात लावायचा नाही, एवढं सम्राटाला हवं आहे. ते जमण्यासारखं आहे. नजराणे मागताना लाजू नकोस. चिचेकला लाल कातड्याचे जोडे हवे होते, ते विसरलास तर तुझी बायको वर्षभर तुला ऐकवील आणि मला तिथे नसूनही ऐकावं लागेल.

आई

॰

नदीकाठचा तळ
घोड्यांच्या दुधाचा पहिला बुधला भरला त्यानंतरचा सहावा दिवस

आई,

तुझं पत्र निकेतासने सगळ्यांसमोर वाचलं. माशांच्या आतड्यांपाशी लोक इतके हसले, की त्याला दोनदा थांबावं लागलं. तो म्हणाला, ते पाणी फार चवदार असतं. मग तर आणखी हसले.

बोलणी रेंगाळली आहेत. आठ टोळ्यांपैकी पाचांचे वडीलधारे आले. बाकीचे येतील तेव्हा येतील. जो येतो तो आधी स्वतःसाठी रेशीम मागतो, मग बायकोसाठी मागतो, मग सासूसाठी मिरी मागतो. निकेतास बिचारा सगळ्यांना हो म्हणतो. काल यागमूर काकाने आपल्या आजारी घोड्यासाठीही काहीतरी मागितलं. निकेतासने गंभीर चेहऱ्याने विचारलं, घोड्याला मिरी आवडते का?

माणूस चांगला आहे, आई. पहिल्या दिवशी खोगिरावर असा बसायचा, की आमच्या बायका तोंडावर हात धरून हसायच्या. आता दिवसभर घोडा दामटतो. मांड्या सोलवटल्या तरी बोलत नाही. दूध पितो. पहिल्यांदा प्याला तेव्हा तंबूच्या मागे धावला होता, आता दुसरा पेला मागतो.

म्हणूनच एक सांगायचं आहे. तुझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं, तर त्याचं रक्त मला सांडावं लागेल. मी सोडला तरी वडीलधारे सोडणार नाहीत. ओलीस म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक आहे. हे वाक्य लिहिताना तो थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि मग त्याने लिहिलं. मला ते हसू आवडलं नाही.

तेव्हा खोकला लपवू नकोस. किती आहे ते खरं सांग. तुझा "थोडा" मला माहीत आहे. पाय मोडला होता तेव्हाही तू थोडा दुखतोय म्हणाली होतीस.

तोरू खात नसेल तर तिला परत पाठव. इथे तिचं शिंगरू रोज दक्षिणेकडे तोंड करून खिंकाळतं.

तुमान

॰

खेरसोन
संत कॉन्स्टंटाइनच्या सणाचा दिवस. शहरभर घंटा वाजताहेत आणि माझं डोकं उठलं आहे.

तुमान,

खोकला आता नाही. सुभेदाराच्या बायकोने मध आणि कसलासा पाला उकळून दिला. कडू जहर होतं, पण खोकला पळाला. ही बाई रोज येते. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची येत नाही. तरी दोघी तासन्‌तास बोलतो. तिलाही एकच मुलगा आहे आणि तोही तिचं ऐकत नाही, एवढं मला कळलं.

तोरूला पाठवते आहे. तुझं बरोबर होतं, इथे राहिली असती तर मेली असती. कालपासून पाण्यालाही तोंड लावत नव्हती. सुभेदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, तुमच्या घोडीला अशी पाठवतो की तुमचे लोक बघत राहतील. त्याचा मोतद्दार तिला सकाळपासून पागेत घेऊन बसला आहे. मला आत येऊ देत नाही. म्हणतो, तयार झाल्यावर बघा. पण मला आज देवळाच्या मिरवणुकीला नेणार आहेत, मानाची पाहुणी म्हणून. परत येईपर्यंत तोरू गेलेली असेल. एका अर्थी बरंच, तिला जाताना बघायला मला नकोच होतं.

माझं खोगीरही तिच्यावर घालून देते. इथे भिंतीच्या आत मला कुठे जायचं आहे? शिंगराला तिच्याजवळ सोड. दोन दिवस कुणी तिच्यावर बसू नका.

आई

॰

मानेवरचा तळ, खेरसोनपासून तीन दिवसांच्या वाटेवर
शोकाचा दुसरा दिवस

आई,

हे पत्र तुला लिहितो आहे. जिवंत असशील तर तू ऐकशील. नसशील तर सुभेदार ऐकेल. त्याच्याशी बोलायला माझ्या तोंडात दुसरे शब्द नाहीत.

परवा तोरू आली. आम्ही माळावर मेंढ्या मोजून घेत होतो. शिंगराने आधी ओळखलं, ते धावत सुटलं. मग मी पाहिलं. खोगीर तुझं, आणि त्यावर कुणी नाही. पाठीवर रेशमी झूल. आयाळ मुळापासून कापलेली. आणि शेपूट कापलेलं. सगळं शेपूट, वीतभर बुडखा ठेवून.

तिला घेऊन येणारा रोमी घोड्यावरून उतरला, हसला आणि छातीवर हात ठेवून वाकला.

त्याला तिथल्या तिथे लोळवला असता, पण यागमूर काकाने माझा हात धरला. म्हणाला, निरोप्या आहे, निरोप्याला मारत नाहीत. मग बायकांनी आकांत मांडला. चिचेकने गाल ओरबाडले. माणूस मेल्यावर त्याच्या घोड्याचं शेपूट कापतात, हे आपल्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. बाबा गेले तेव्हा त्यांच्या घोड्याचं शेपूट मी या हातांनी कापलं होतं.

खोगिरात पत्र होतं. निकेतासने ते वाचलं. त्यात तू ठणठणीत आहेस, खोकला गेला, कुणी बाई तुला मध देते, असं आहे म्हणे. वडीलधारे म्हणाले, कागदावर काय आहे ते या रोम्याशिवाय कोण सांगणार? मान सुरीखाली असताना कोण म्हणेल की म्हातारी मेली?  मला वाचता येत नाही, आई. मी तो कागद हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. मुंग्या चालल्यासारखं दिसतं. आणि ते पत्र खरं असलं, तरी तू ते सकाळी सांगितलंस आणि दुपारी गेलीस, असंही झालं असेल.

आम्ही तळ उठवून इथे आलो आहोत, समुद्रात जाणाऱ्या जमिनीच्या मानेवर. आठही टोळ्या आल्या. करारासाठी महिनाभर येत नव्हते, ते यासाठी दोन दिवसांत आले. सातव्या दिवशी मर्तिकाचं जेवण होईल. त्याआधी निकेतासचं रक्त सांडायचं, आणि जेवण झालं की खेरसोनवर चालून जायचं, असं ठरलं आहे. जो मोतद्दार तोरूला घेऊन आला, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. बदलायला चार घोडे दिले आहेत, म्हणजे दोन दिवसांत पोचेल.

तू जिवंत असशील, तर असं काही सांग की जे या रोम्याला सुचूच शकणार नाही. मला त्याला मारायचं नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला तू हवी आहेस. तुझ्याशिवाय दोन दिवसांत मी इतके निर्णय घेतले, की एकही बरोबर आहे असं वाटत नाही.

तुमान

(खाली निकेतास स्वतः लिहितो. सरदाराने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं आहे. मला लपवाछपवी करता आली असती, केली नाही. आयबिकेबाई, तुम्ही जिवंत आहात हे मला माहीत आहे. तुमच्याशिवाय माशांबद्दल असं कुणी लिहिणार नाही. हे मी सर्वांना सांगून पाहिलं, कुणी ऐकत नाही. कृपा करून घाई करा.)

॰

खेरसोन
आज कुठल्या संताचा दिवस आहे ते बघायला वेळ नाही.

तुमान,

अरे वेड्या, मी जिवंत आहे!

बाबा पाखोमने तुझं पत्र वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी आधी हसले. आपल्याच मर्तिकाच्या जेवणाला आठ टोळ्या जमल्या हे ऐकून कोण हसणार नाही? मग निकेतासच्या मानेपर्यंत आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शेपूट त्या मोतद्दाराने कापलं. सुभेदाराने नव्हे, मोतद्दाराने. मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि मग विचारलं. सम्राटाच्या मिरवणुकीत मानाच्या घोड्यांची शेपटं अशीच कापतात म्हणे. आयाळ सारखी करतात आणि झूल चढवतात. सगळी सकाळ खपून त्याने माझ्या तोरूची शोभा वाढवली! आणि तुमच्यासमोर हसला, कारण त्याला वाटलं तुम्ही आता वाहवा करणार. तुमच्या बायका रडायला लागल्या तेव्हा तो समजला की आनंदाने रडताहेत. आता बिचारा माझ्यापेक्षा जास्त रडतो आहे.

मी लगेच निघाले होते. सुभेदार सोडत नाही. वेशी बंद करून भिंतींवर माणसं चढवली आहेत. निकेतास जिवंत दारात उभा राहील तेव्हाच ओलीस सुटेल, असा सम्राटाचा हुकूम आहे, आणि तो हुकूम मोडला तर त्याचंच डोकं जाईल. मी म्हटलं, मला भिंतीवर उभी कर, मी ओरडते. तो म्हणाला, बाई, तुमचा मुलगा तीन दिवसांच्या वाटेवर आहे. सुभेदाराची बायको माझा हात धरून बसली आहे. तिलाही कळतंय काय होणार ते.

तेव्हा निकेतासला सुचू शकणार नाही असं काहीतरी हवं. रात्रंदिवस तुझ्याबरोबर राहणाऱ्याला बरंच ठाऊक असतं. तुझ्या पाठीवरचा डाग त्याने पाहिला असेल. तुला कशाची चीड येते तेही त्याला कळलं असेल. ज्या गोष्टी टोळीला माहीत आहेत, त्या कुणीही त्याला सांगितल्या असतील. फक्त तुला आणि मला माहीत आहे असं एकच आहे. ते मी कुणाला सांगणार नाही असं तुला वचन दिलं होतं. एकतीस वर्षं पाळलं. आज मोडते आहे. मला क्षमा कर.

निकेतास, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. सरदाराच्या कानात सांग.

तू पंधरा वर्षांचा होतास. उझांशी आपली लढाई झाली. तुझी पहिलीच. लढाई संपल्यावर तू दिसेनास म्हणून मी नदीकाठच्या बोरूत शिरले. तू एका घोडीच्या पोटाखाली बसला होतास. तलवार कोरी होती. विजार ओली होती, पाण्यात न उतरताही. तू म्हणालास, आई, मला त्यांच्या तोंडांकडे बघवेना. मी तुझे डोळे पुसले. मग मागच्या कळपातली एक मेंढी धरली, तिच्या गळ्यावरून तुझं पातं फिरवलं आणि ते तुझ्या हातात देऊन तुला सगळ्यांसमोर उभा केला. त्या दिवशी तुला वडीलधाऱ्यांनी मर्दाचा कंबरपट्टा बांधला. तोच पट्टा आजही तुझ्या कमरेला आहे, आणि त्या पट्ट्यापायीच तू सरदार आहेस.

हे मी हयातीत कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बापालाही नाही. आता निकेतासला कळलं. आणि बाबा पाखोमला कळलं, पण तो शपथ घेतो आहे.

आई

॰

मानेवरचा तळ
सातवा दिवस. मर्तिकाचं जेवण झालं, पण मर्तिक नव्हतं.

आई,

तू जिवंत आहेस. आधी हे लिहायला सांगितलं. पुढचं नंतर. तू जिवंत आहेस!

मोतद्दार काल दुपारी पोचला. घोड्यावरून उतरला तो जमिनीवर आडवाच झाला. सगळे वडीलधारे गोल बसले होते. निकेतासला मध्ये बसवला होता आणि यागमूर काका सुरीला धार लावत होता. निकेतासने पत्र वाचलं. वेड्या, मी जिवंत आहे, असं वाचलं तेव्हाच मला वाटलं हा तुझाच आवाज आहे. पण बाकीच्यांचे चेहरे हलले नाहीत. मग तो थांबला, उठून माझ्याजवळ आला आणि कानात बोलू लागला. मेंढीपर्यंत आला आणि मला रडू फुटलं. सरदार आहे हे विसरून मी लहान पोरासारखा रडलो.

"काय म्हणाला?" यागमूर काकाने विचारलं.

"आई जिवंत आहे."

"कशावरून?"

"मला कळलं. तेवढं पुरे."

"तुला पुरे असेल, आम्हाला नाही," काका म्हणाला. "जीव वाचवायला तुझ्या कानात हा काहीही कुजबुजेल. आयबिके आमची थोरली आहे. तिच्या रक्ताचा हिशोब तुझ्या एकट्याचा नाही. मोठ्याने सांग, नाहीतर बाजूला हो."

मी गप्प राहिलो, आई. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. फार वेळ नसेल, पण मी गप्प राहिलो. निकेतासने माझ्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसला होता. तो मला विनवत असता तर बरं झालं असतं. मनात आलं, हा गेला तर गेला, लढाई होईल, आईला आपण सोडवून आणू, आणि बोरूतली गोष्ट बोरूतच राहील. हे मनात आलं, म्हणून तुला सांगतो आहे. त्या क्षणाची मला लाज वाटते. बोरूत बसल्याची आता तेवढी वाटत नाही.

मग मी कंबरपट्टा सोडला, आगीजवळ ठेवला आणि सगळं सांगितलं. घोडीच्या पोटाखाली बसलो होतो. विजार ओली झाली होती. मेंढीचं रक्त होतं. हे आईला आणि मला सोडून कुणाला माहीत नाही, म्हणून हे पत्र तिचं आहे. आता पट्टा कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

आठही टोळ्यांचे लोक त्या पट्ट्याकडे बघत होते, आई. मला वाटलं, संपलं.

मग यागमूर काका हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला आणि दोघांनी पाठ चोळली. "लोकर!" तो म्हणाला. "अरे, तुझ्या पात्याला लोकर चिकटली होती! उझांना लोकर असते होय?" मग शेजारचा म्हातारा म्हणाला, मीही पाहिली होती. तिसरा म्हणाला, आम्ही कितीतरी दिवस त्यावर हसत होतो. एकतीस वर्षं, आई! सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं!

मी विचारलं, मग पट्टा कसा बांधलात? काका गंभीर झाला. म्हणाला, तुझ्या बापाने पुढे होऊन आपल्या बाहीने ती लोकर पुसली. कुणी काही बोलायच्या आत. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, "पोरगं शिकेल. पण आयबिकेला कळू देऊ नका. तिला वाटू दे की तिने त्याला वाचवलं."

काकाने पट्टा उचलून माझ्या अंगावर फेकला. म्हणाला, "बांध. विजार घसरेल." मग त्याने सुरी म्यान केली आणि निकेतासला उठवून उभं केलं.  निकेतासने दुधाचा अख्खा बुधला तोंडाला लावला, संपवला आणि काकाच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपी गेला. मर्तिकासाठी कापलेल्या मेंढ्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून आम्ही त्या खाल्ल्या.

करार आज सकाळी झाला. आठही टोळ्यांनी शब्द दिला. मी निकेतासला घेऊन येतो आहे. त्याला वेशीत उभा केला की तू बाहेर ये.

तोरू गवत खाते. शेपटाशिवाय माशा हाकलता येत नाहीत, म्हणून शिंगरू तिच्या मागे उभं राहून शेपूट हलवतं.

तुमान

॰

खेरसोन
बाबा पाखोमच्या संतांपैकी कुणाचा तरी दिवस

तुमान,

तुझं पत्र आलं. मी तयार आहे, गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आहे.

म्हाताऱ्यांना माहीत होतं, याचं मला काही वाटत नाही. म्हाताऱ्यांना सगळंच माहीत असतं. पण तुझा बाप! त्या लढाईनंतर बावीस वर्षं मी त्याच्या शेजारी झोपले. दर हिवाळ्यात लोक जमले, की मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आमच्या तुमानने पहिल्याच लढाईत उझ कसा लोळवला. त्याच्याकडे बघून विचारायचे, "हो की नाही?" तो मान हलवायचा. म्हणायचा, "हो. आईवर गेला आहे." मी मनात म्हणायचे, या भोळ्याला काय कळतंय. मरेपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

बाबा पाखोमने तो भाग वाचला आणि मी रडायला लागले. सुभेदाराची बायको धावत आली. तिला वाटलं, शेवटी तो निकेतास गेलाच. मी तिला हातवाऱ्यांनी समजावलं, की सगळे जिवंत आहेत, आणि जो नऊ वर्षांपूर्वी गेला त्याच्यासाठी रडते आहे. तिला कितपत कळलं कुणास ठाऊक, पण तीही माझ्याबरोबर रडली. मग दोघींनी डोळे पुसले आणि तिने मासे आणले. मी खाल्ले. आज चांगले लागले.

परतताना आपण वाट थोडी वाकडी करू. तुझ्या बापाला पुरलं त्या टेकाडापाशी मला उतरायचं आहे. तुम्ही सगळे लांब थांबा. मला त्याला चार शब्द सुनवायचे आहेत, आणि मग थोडा वेळ तिथेच बसायचं आहे.

आई